बसऱ्याच्या घरचा शिपाई

मराठा लाईट इन्फन्ट्रीत 24 वर्षे सेवा करून मी 2010 मध्ये सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून सोलापुरात विजापूर रस्त्याला राहतो. माझे मूळ गाव सांगोला तालुक्यात आहे. त्या गावचा एक शिपाई रणात पडला, त्याला 108 वर्षे झाल्यावर आम्ही काही माजी सैनिकांनी त्याला मानवंदना दिली. मानवंदनेला अर्धा तासही लागला नाही, पण ती कोणाला द्यायची हे कळायला मात्र दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षाची हकीकत मी येथे सांगत आहे.

2022 च्या उन्हाळ्यात गावच्या मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार सुरू झाला. देवळाला लागून जुनी चावडी होती आणि तिची एक भिंत उतरवायची ठरली होती. दरवर्षी पाडव्याच्या आधी चुना मारला जात असल्यामुळे त्या भिंतीवर बोटभर जाडीचे पापुद्रे साचले होते. ते खरवडताना गवंड्याच्या थापीला संगमरवर लागला. माझ्या चुलतभावाने फोन केला, म्हणून दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्यामार्गे गावी पोहोचलो. तोपर्यंत गवंडी अ‍ॅसिडची बाटली घेऊन तयार होता. त्याला थांबवले आणि साधे पाणी व नारळाच्या काथ्याचा मऊ कुंचला घेऊन आम्ही तिघांनी दुपारपर्यंत ती पाटी धुतली. पाटी दीड हात लांब होती. वर इंग्रजी मजकूर होता आणि खाली मराठी. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धास 23 माणसे गेली आणि त्यांपैकी 2 जणांनी प्राण दिले, एवढाच त्याचा आशय होता. अक्षरांत भरलेले काळे शिसे बहुतेक ठिकाणी निघून गेले होते, पण 2 या आकड्याच्या पोटात ते अजून शिल्लक होते.

अशा पाट्या जुन्या मुंबई इलाख्यात अनेक गावांत आढळतात. ज्या गावांतून बरेच तरुण फौजेत भरती झाले, त्या गावांत सरकारने युद्ध संपल्यावर त्या बसवल्या. साताऱ्याकडे, पुणे जिल्ह्यात आणि कोकणात मी स्वतः त्या पाहिल्या आहेत. त्यांवर किती गेले आणि किती परतले नाहीत एवढे असते, नावे नसतात. सेवेत असताना अशा पाटीसमोर मी सवयीने टाचा जुळवून उभा राहिलो होतो, पण ते दोन, चार किंवा सात म्हणजे कोण, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपल्या गावच्या पाटीसमोर तो पडला आणि त्याचे मला वाईटही वाटले, कारण ज्या चावडीच्या ओट्यावर मी लहानपणी खेळलो, तिच्या भिंतीत हा आकडा सारा वेळ होता.

काश्मीरच्या खोऱ्यात असताना माझा एक जोडीदार माझ्यापासून वीस पावलांवर पडला. त्याचे पार्थिव सातारा जिल्ह्यातील त्याच्या गावी नेणाऱ्या तुकडीत मी होतो. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, वेशीपासून शाळेपर्यंत उभी असलेली माणसे, उलट्या शस्त्रांची सलामी, आईच्या हातात दिलेला घडी केलेला ध्वज, हे सारे मी जवळून पाहिले आहे. त्याच्या नावाची कमान आज गावात आहे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात त्याचे नाव ग्रॅनाइटवर कोरलेले आहे. 2019 मध्ये ते स्मारक खुले झाल्यावर मी दिल्लीला गेलो आणि त्या नावावर हात ठेवून आलो. माझ्या जोडीदाराला जे मिळाले, त्यातले गावच्या या दोघांना काहीच मिळालेले नसावे, हे मला सहन झाले नाही.

पहिले तीन महिने मी चुकीच्या दिशेने गेलो. अनेकांनी सांगितले की पहिल्या महायुद्धातील सर्वांची नावे इंडिया गेटवर आहेत, तेथे पाहा. मलाही तसेच वाटत होते. प्रत्यक्षात 1931 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या कमानीवरची 13 हजारांहून अधिक नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि 1919 च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. त्या महायुद्धात सुमारे 13 लाख भारतीय गेले आणि सुमारे 74 हजार परतले नाहीत. फ्रान्समध्ये पडलेल्या आणि ज्यांची चिता किंवा कबर ज्ञात नाही अशांची नावे न्यव्ह शापेल येथील स्मारकावर आहेत, तर इराकमध्ये, म्हणजे त्या वेळच्या मेसोपोटेमियात पडलेल्यांची नोंद बसऱ्याच्या स्मारकाकडे आहे. आपला माणूस कोणत्या मुलखात गेला हे ठाऊक नसेल, तर कोणती यादी उघडावी हेच कळत नाही. एका कार्यालयात मला, इतक्या जुन्या माणसाचे आता काय काम, असे विचारण्यात आले. तेथून मी उत्तर न देता परत आलो.

वाट दाखवली ती गावातील बोलण्याने. पाटीची बातमी पसरल्यावर माझी चुलती सहज म्हणाली, "मग त्या बसऱ्याच्या घरी विचार की." आमच्या गावात एका घराला बसऱ्याचे घर म्हणतात. त्यांचे आडनाव वेगळे आहे. लहानपणी आम्हाला वाटायचे की त्यांच्या वाड्यात बसायला मोठी ओसरी आहे, म्हणून बसरा. बसरा हे एका शहराचे नाव आहे आणि तेथून त्या घरात एके काळी काही बातमी आली असेल, हे गावातील कोणालाच ठाऊक उरले नव्हते. शब्द तेवढा टिकला होता.

त्या घरात 88 वर्षांच्या आक्का आहेत. डोळ्यांनी कमी दिसते, पण बोलणे लख्ख. मी विचारले, "आक्का, तुमच्या घरचे कोणी फौजेत होते का?" त्यांनी मान हलवली. "तसं काय ठावं न्हाई बाबा. पण आमची देवी बसऱ्याची हाय." असे म्हणून त्यांनी नातसुनेला देव्हाऱ्यातून ती देवी आणायला सांगितली.

नातसुनेने ताटलीत ठेवून आणली ती काशाची गोल चकती होती. साधारण अर्ध्या वितीएवढी, जड आणि हळदीकुंकवाने माखलेली. तिच्यावर हात पुढे करून उभी असलेली एक स्त्री होती, दुसऱ्या हातात त्रिशूळ आणि पायाशी सिंह. आमचा भाग तुळजापूरपासून दूर नाही आणि घरोघरी कुलस्वामिनी भवानी आहे. त्रिशूळ आणि सिंह पाहिल्यावर ही आई भवानी नव्हे असे कोणाला वाटेल? शंभर वर्षे त्या घराने नवरात्रात तिच्यापुढे घट बसवला होता.

मी ती चकती एकदाच पाहिली होती, एका लष्करी संग्रहालयात काचेच्या आत. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने रणात पडलेल्या प्रत्येकाच्या घरी अशी एक चकती पाठवली. सुमारे साडेतेरा लाख चकत्या ओतल्या गेल्या. स्त्रीची आकृती ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या स्त्रीची आहे. काठावर गोल फिरणाऱ्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ असा की, स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी त्याने मरण पत्करले. त्या स्त्रीने पुढे धरलेल्या पानांच्या चक्राखाली एक लहान चौकट असते आणि तीत त्या माणसाचे नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेले असते. हुद्दा लिहायचा नाही असे ठरले होते, त्यामुळे जनरल असो वा शिपाई, चौकटीत फक्त नाव.

मी ओल्या फडक्याने त्या चौकटीवरचे कुंकू हळूच पुसले. पहिली चार अक्षरे वाचता आली. पुढे धातू गुळगुळीत होता.

"हे झिजलं कशानं?" मी विचारले.

आक्का म्हणाल्या, "थोरल्या सासूबाई घासायच्या. चिंच लावून. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या."

या थोरल्या सासूबाई म्हणजे आक्कांच्या सासऱ्यांच्या भावजय. त्यांना मूल नव्हते आणि दिराच्या संसारातच त्यांनी आयुष्य काढले. आक्का 1950 च्या सुमारास लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या आणि त्यानंतर बारा वर्षे जगल्या. त्यांना दर महिन्याला पोस्टातून थोडे पैसे येत, ते कशाचे हे आक्कांना कोणी सांगितले नव्हते. कपाळ मोकळे असलेल्या त्या बाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्वतःच्या हाताने त्या चकतीला कुंकू लावत. चकती काय आहे हे त्यांना ठाऊक असले पाहिजे, ती त्यांच्याच नावे आली होती. त्यांनी ती देवी म्हणून का ठेवली, किंवा इतरांनी देवी म्हटल्यावर त्या गप्प का राहिल्या, हे आता कोणी सांगू शकणार नाही. नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते अशा काळात ते नाव रोज डोळ्यांसमोर ठेवण्याचा हा एकच मार्ग त्या बाईंना उपलब्ध होता, असे मला वाटते. आणि नाव झिजले तेही त्यांच्याच बोटांनी. मी त्या दिवशी चकती कपाळाला लावली आणि ताटलीत परत ठेवली.

घरात चांदीचे एक पदकही होते, ते 1972 च्या दुष्काळात मोडले, असे आक्कांच्या मुलाने सांगितले. त्या वर्षी आमच्या भागात खडी फोडायला न गेलेले घर विरळा होते, तेव्हा त्याला कोणी बोल लावू नये.

आता मुलूख कळला होता आणि नावाची चार अक्षरे हातात होती. पुढचे काम माझ्या मुलीने सोलापुरात संगणकावर केले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही 1917 मध्ये स्थापन झालेली संस्था महायुद्धांतील मृतांच्या नोंदी सांभाळते आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पण आपल्या माणसासाठी शोधण्याची पद्धत थोडी वेगळी आहे. भारतीय शिपायांची आडनावे बहुधा नोंदलेली नाहीत, म्हणून आडनावाच्या रकान्यात त्याचे एकेरी नाव घालावे लागते. नाव कारकुनाने कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले असते. एकच 'विठोबा' किंवा 'बाळू' पाच वर्तनींनी येतो. आम्हाला खरा उपयोग झाला तो जादा माहितीच्या रकान्याचा, कारण भारतीय शिपायांच्या नोंदींत तेथे पुष्कळदा बापाचे नाव, कधी पत्नीचे नाव, मग गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. मुलीने आधी 'सोलापूर' टाकले तर जवळजवळ काही आले नाही. मग मला आठवले की माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर शहराचे नाव 'शोलापूर' अशा जुन्या इंग्रजी वर्तनीने आहे. ते टाकल्यावर पानेच्या पाने उघडली. बार्शी, माढा, करमाळा, पंढरपूर, माळशिरस, सांगोला. माझ्या जिल्ह्यातील गावांची नावे मी रात्री दोनपर्यंत वाचत राहिलो आणि प्रत्येक गावाच्या आधी एकेका मुलाचे नाव होते.

आमचे गाव मिळायला आणखी पाच आठवडे लागले, कारण इंग्रजीत त्याची वर्तनी इतकी बिघडली होती की ते दुसऱ्याच गावाचे नाव वाटत होते. तालुका बरोबर, चकतीवरची पहिली चार अक्षरे बरोबर. शिपाई, 110 वी मराठा लाईट इन्फन्ट्री. मृत्यू 22 नोव्हेंबर 1915. बसरा स्मारक. बापाचे नाव अमुक, आणि पुढे, अमुकचा पती.

सारखी नावे असलेली माणसे खेडोपाडी पुष्कळ असतात, म्हणून मी घाई केली नाही. पुढच्या रविवारी गावी जाऊन आक्कांना इतकेच विचारले की थोरल्या सासूबाईंचे नाव काय होते. आक्का जरा थांबल्या. सासूचे नाव त्या आयुष्यात उच्चारत आल्या नव्हत्या. मग हलक्या आवाजात त्यांनी ते सांगितले. माझ्या खिशातल्या कागदावर तेच नाव होते, इंग्रजीत दोन अक्षरे इकडची तिकडे झालेले. बापाच्या नावाची खातरजमा नंतर जमिनीच्या जुन्या कागदांवरून झाली. तो मोडी लिपीतला कागद सोलापुरातील एका जाणकारांनी वाचून दिला.

शिपायाचे, त्याच्या पत्नीचे आणि गावाचे नाव मी येथे देत नाही. अशा चकत्यांना जुन्या वस्तूंच्या बाजारात भाव येतो, आणि आमच्या शोधाची कुणकुण लागताच एक गिऱ्हाईक त्या घरी येऊनही गेले होते. घरच्यांनी मला तशी विनंती केली आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे.

22 नोव्हेंबर 1915 हा सोमवार होता, त्रिपुरी पौर्णिमेला लागून आलेला. 110 वी मराठा ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधील पलटण. या डिव्हिजनने नोव्हेंबर 1914 मध्ये फाव येथे उतरून बसरा घेतले, पुढच्या वर्षी टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत अमारा आणि कूत घेतले आणि बगदादपासून सुमारे 35 किलोमीटरवर, आज ज्याला सलमान पाक म्हणतात त्या टेसिफॉनला ती तुर्कांच्या खंदकांसमोर आली. 21 तारखेच्या रात्री सैन्य चालत निघाले आणि पहाटे हल्ला झाला. पहिली फळी हाती आली, पण ठार आणि जखमी मिळून साडेचार हजारांवर माणसे खर्ची पडली आणि पुढे जाण्याची ताकद उरली नाही. जखमींना स्प्रिंगा नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत नेले. त्यांचे जे हाल झाले त्यांची पुढे चौकशी आयोगाकडून चौकशी झाली. उरलेले सैन्य कूतला परतले आणि 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेले. आमच्या रेजिमेंटची जंगी पलटण, म्हणजे तेव्हाची 103 वी, त्या वेढ्यात होती आणि 110 वीही होती. हे आम्हाला रिक्रूट असताना शिकवले होते, परंतु तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले होते.

टेसिफॉनला विटांची एक प्रचंड प्राचीन कमान आहे. आक्कांना मी त्या लढाईबद्दल सांगत होतो तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या की थोरल्या सासूबाई एकदा बोलल्या होत्या, ते मोठ्या कमानीपाशी राहिले. मी याला पुरावा मानत नाही, कारण माझ्या बोलण्यात कमान आधी आली होती. पण पाटीवरच्या 23 पैकी 21 परत आले होते, आणि त्यांतल्या कोणी ते सांगितले असणे शक्य आहे.

110 वी पलटण 1922 मध्ये 3/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. 1941 मध्ये ती एरिट्रियात केरनच्या डोंगरावर लढली आणि 1944 मध्ये इटलीत याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज ती दुसरी पॅरा आहे. घरच्यांना मी हे समजावून सांगितले. आपल्या माणसाची पलटण अजून जिवंत आहे, हे ऐकून आक्कांच्या नातवाला फार बरे वाटले.

बसऱ्याच्या स्मारकाची माहिती मात्र मी घरच्यांना बरेच दिवस सांगू शकलो नाही. ते 1929 मध्ये उघडले गेले, 40 हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे, आणि 1997 मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटरवर नेण्यात आले. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली, पण भारतीय शिपायांची फक्त संख्या दिली. त्यांची नावे वहीत राहिली. एप्रिल 2021 मध्ये कमिशननेच एक चौकशी अहवाल प्रसिद्ध करून भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांना अशी असमान वागणूक दिली गेल्याचे मान्य केले. म्हणजे गावच्या पाटीवर आकडा आणि परदेशातील स्मारकावरही आकडा. त्याचे नाव धातूत उमटलेले असे एकच ठिकाण होते, आमच्या गावचा तो देव्हारा.

मानवंदनेचे ठरले तेव्हा गावातील एका निवृत्त गुरुजींनी उभे राहून विचारले की, इंग्रजांच्या चाकरीत, इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढताना मेला, त्याला तुम्ही हुतात्मा म्हणणार का? प्रश्न रास्त होता. आमच्या सोलापूरने 1930 चा मार्शल लॉ सोसला आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना याच सरकारने 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर चढवले, आणि आम्ही त्यांना हुतात्मा म्हणतो ते अंतःकरणापासून. त्या चौघांच्या पुतळ्यांसमोरून मी आठवड्यातून दोनदा जातो. ज्या सरकारने चकतीच्या काठावर स्वातंत्र्य हा शब्द ओतला, त्याच सरकारने तो शब्द उच्चारणाऱ्यांना बारा-तेरा वर्षांच्या आत फाशी दिली, हे मी विसरू शकत नाही आणि विसरूही नये.

मी गुरुजींना सांगितले की आपण साम्राज्याला मानवंदना देत नाही. ज्वारी पिकली नाही म्हणून, किंवा घरात खाणारी तोंडे जास्त म्हणून, किंवा बापजाद्यांपासून फौजेची रीत म्हणून हा मुलगा भरती झाला असेल. त्याने कोणाचा मुलूख जिंकायचा हे ठरवले नव्हते. हुकूम मिळाल्यावर तो उघड्या मैदानातून खंदकाकडे चालत गेला, आणि असे चालत जाणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. शब्दाचा निर्णय मग गुरुजींनीच सोडवला. ते म्हणाले, आपल्या बखरींत शब्द आहे, कामी आला. तो लिहा, त्यात खोटे काही नाही. त्यावर कोणाचाच आक्षेप राहिला नाही.

22 नोव्हेंबर 2023 हा बुधवार होता, कार्तिकी एकादशीचा आदला दिवस. सांगोल्याकडून पंढरीला जाणारे सगळे रस्ते दिंड्यांनी भरले होते. सोलापूर, मंगळवेढा आणि सांगोल्याहून आम्ही 17 माजी सैनिक जमलो. पदके लावलेली, रेजिमेंटची टोपी, इस्त्रीची पांढरी पँट. बिगुलर म्हणून लाभलेले गृहस्थ सत्तरीपुढचे होते. आदल्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला आलो असताना त्यांची माझी ओळख झाली होती. या एका दिवसासाठी ते महिनाभर पहाटे संभाजी तलावाच्या काठी जाऊन लास्ट पोस्टचा, म्हणजे मृत सैनिकांसाठी वाजवायच्या बिगुलाच्या सुरावटीचा सराव करत होते, कारण इतक्या वर्षांनी दम पुरेल की नाही याची त्यांना काळजी होती.

जुनी संगमरवरी पाटी देवळाच्या नव्या ओवरीत, पावसापाण्यापासून आडोशाला बसवली होती. तिच्या शेजारी काळ्या ग्रॅनाइटची नवी पाटी आम्ही वर्गणी काढून केली. तीवर शिपायाचे नाव, पलटण, दिनांक, सलमान पाक येथील लढाईत कामी आले हे शब्द, आणि नोंदीत होते तसेच, अमुक यांचे पुत्र व अमुक यांचे पती. पत्नीचे नाव पाटीवर असावे हा आक्कांचा आग्रह होता.

आक्का खुर्चीवर बसल्या होत्या आणि चकती त्यांच्या मांडीवर होती. मी नाव, पलटण आणि दिनांक मोठ्याने वाचले. पुष्पचक्र वाहिले. बिगुल सुरू झाला तेव्हा रस्त्याने जाणारी एक दिंडी थांबली. टाळ थांबले आणि वारकरी जागच्या जागी हात जोडून उभे राहिले. बिगुलरचा शेवटचा लांब सूर थोडा कापला, पण तुटला नाही. दोन मिनिटांच्या शांततेनंतर आम्ही छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार केला, सलामी दिली आणि सलामीचा हात खाली आणल्यावर मला बराच वेळ समोरचे नीट दिसत नव्हते.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी चकती देव्हाऱ्यात परत गेली. घरच्यांनी मला विचारले होते की आता हिची पूजा करावी की नाही. हा निर्णय माझा नाही, असे मी सांगितले. आक्कांनी नेहमीप्रमाणे कुंकू लावले. फक्त बोट चौकटीपाशी आले तेव्हा त्यांनी ते बाजूने फिरवून नेले.

दुसऱ्याचे नाव अजून मिळालेले नाही. शोलापूरच्या नोंदी मी दोनदा पूर्ण वाचल्या. तो लढाऊ पलटणीत नसून खेचरवाला किंवा मजूर तुकडीत असेल, किंवा त्याच्या नोंदीत गावच लिहिले गेले नसेल. नव्या पाटीवर आम्ही एका नावापुरती जागा कोरी ठेवली आहे. गवंड्याने किती सोडू असे विचारल्यावर त्याला पहिल्या नावाएवढीच ओळ मोजून दाखवली. आमच्या तालुक्यात, किंवा शेजारच्या मंगळवेढा, जत, आटपाडीकडे, कोणाच्या देव्हाऱ्यात, धान्याच्या कणगीत किंवा माळ्यावर त्रिशूळ आणि सिंह असलेली अशी जड गोल चकती असेल, तर ती कोणाला विकू नये आणि चिंचेने किंवा राखेने घासू नये. ओल्या फडक्याने पानांच्या चक्राखालची चौकट हळूच पुसावी आणि दिवसाच्या तिरप्या उजेडात धरावी. समोरून न दिसणारी अक्षरे तशा उजेडात दिसतात.